चार शिटांच्या सांध्यावर: महाबळेश्वर, तापोळा, बामणोली

निघण्याआधी

माझ्या मामांची सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. कागदावर त्याचं नाव भूमी अभिलेख, पण गावाकडे कुणी तसं म्हणत नाही. 'मोजणीवाले आले' एवढंच. निवृत्तीला सोळा वर्षं झाली, तरी गाडीतून जाताना एखादा बांध वाकडा दिसला की मामा मान वळवून दिसेनासा होईपर्यंत बघत राहतात. त्यांच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात पत्र्याची एक नळी आहे. लहानपणी तिला हात लावायची आम्हाला बंदी होती. या उन्हाळ्यात त्यांनी ती स्वतःहून उघडली.

आत चार टोपोशिटा निघाल्या, म्हणजे डोंगर-नद्या-गावं दाखवणारे सरकारी नकाशे. कापडावर चिकटवलेल्या, घड्यांवर विटलेल्या, एका कोपऱ्याला वाळवीने नक्षी केलेली. सर्व्हे ऑफ इंडियाच्या, एक इंचाला एक मैल, उंची फुटांत. आणि मुख्य गोष्ट म्हणजे कोयना धरणाच्या आधीच्या. तापोळा-बामणोलीला आज जिथे शिवसागराचं, म्हणजे त्या धरणाच्या तलावाचं, पाणी आहे, तिथे या नकाशात नुसती एक निळी रेघ आहे, कोयना नदी. तिच्या दोन्ही काठांना लाल ठिपक्यांची गावं.

या शिटांच्या नंबरात एक गंमत आहे, ती मला पन्नाशीला आल्यावर कळली. ४७ म्हणजे चार अंश बाय चार अंशांचा मोठा चौकोन. त्याचे सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत. त्यातला 'जी' म्हणजे १७ ते १८ अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांश. त्याचे पुन्हा सोळा तुकडे, प्रत्येक पंधरा मिनिटांचा. महाबळेश्वर ४७ जी/९ मध्ये, वासोटा किल्ला जी/१० मध्ये, पाचगणी जी/१३ मध्ये, कास आणि बामणोली जी/१४ मध्ये. आमचं सातारा शहर जी/१४ च्या पार उजव्या कडेला चिकटलेलं आहे, आणि रेल्वे स्टेशन शेजारच्या ४७ के/२ वर गेलंय. स्टेशनला जायचं म्हटलं की सातारकर परगावी निघाल्यासारखा चेहरा का करतो, त्याला हा शास्त्रीय आधार.

या चारही शिटांचे कोपरे जिथे एकमेकांना भिडतात, ती जागा (१७ अंश ४५ मिनिटं, ७३ अंश ४५ मिनिटं) तापोळा-बामणोलीच्याच आसपास येते. म्हणजे हा तलाव नीट बघायचा तर चारही नकाशे जोडावे लागतात, आणि सांधा नेमका पाण्याजवळ पडतो.

मामांनी निवृत्तीनंतर एक उद्योग केला होता. कोयनेची भरलेली पातळी २१६३ फूट ५ इंच. पावसाळ्यात आमच्याकडच्या पेपरात ती रोज येते, अजूनही फुटांतच, आणि शेजारी १०५.२५ टीएमसीपैकी (म्हणजे अब्ज घनफुटांपैकी) किती भरलं तो आकडा. जुन्या शिटांवर दर पन्नास फुटांना एक तपकिरी समोच्च रेषा आहे, सारख्या उंचीच्या जागा जोडणारी, आणि दर पाचवी ठळक. २००० ची ठळक रेषा धरायची, तिथून वर तिसरी म्हणजे २१५०. तिच्यापासून २२०० कडे पाव अंतर सरकायचं आणि निळ्या पेन्सिलीने चालत सुटायचं. प्रत्येक ओढ्याच्या खाचेत आत शिरायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर यायचं. मामांना तीन आठवडे लागले. धरणाचं नावसुद्धा नसलेल्या नकाशावर त्यांनी घरबसल्या धरण भरलं. मी मोबाइलवरचं उपग्रह चित्र शेजारी धरून पाहिलं. सोळशीच्या खोऱ्यात घुसलेलं बोट, कांदाटीकडे गेलेलं बोट, सगळं जागच्या जागी.

"आमच्या गावनकाशात उंची नसते," मामा म्हणाले, "आणि यांच्या नकाशात मालक नसतो."

मूळ शिटा प्रवासात न्यायची माझी हिंमत नव्हती, म्हणून स्कॅन करून छापून आणल्या. छापणाऱ्याने कागदात मावेल अशा बेताने चित्र आकसून दिलं. मामांनी पोलादी पट्टी लावली. पंधरा मिनिटं अक्षांश म्हणजे सतरा मैलांच्या वर, तेव्हा चौकट सतरा इंचांहून मोठी यायला हवी. आली पंधरा. मी परत गेले तर दुकानातला मुलगा म्हणतो, "काकू, सगळं दिसतंय ना?" दिसतंय रे बाबा, पण मोजायचंय. दुसऱ्यांदा छापले आणि पैसेही दुसऱ्यांदा दिले.

बरोबर मामीही येणार होती. तिचं माहेर या नकाशात आहे आणि उपग्रह चित्रात नाही. गावाचं नाव लिहू नको, असं तिनेच सांगितलंय. गाडी चालवायला माझा धाकटा भाऊ. त्याला नकाशांचं काही नाही, त्याला तापोळ्यात मासे खायचे होते.

दिवस पहिला: सातारा ते महाबळेश्वर

वाईवरून न जाता मेढ्यावरून गेलो. कण्हेर धरणाच्या बाजूने जाताना मामा एकदा शिटेकडे, एकदा खिडकीबाहेर बघत होते. हेही पाणी नकाशात नाही, नुसती वेण्णा आहे. १८८५ च्या सातारा गॅझेटियरात तिला 'येन्ना' म्हटलंय. साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं ते छापलं गेलं.

केळघर घाटात रेषा जवळ जवळ यायला लागतात. मामांनी मला एक युक्ती शिकवली, डोळ्यांनी रेषा मोजत बसू नकोस, बोट फिरव. जिथे तपकिरी रंग कागदावर गर्द होतो तिथे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये येणार. मी शिटेवर बोट ठेवून "आता" म्हणायचे आणि भाऊ गिअर बदलायचा. तीनदा बरोबर आलं. चौथ्यांदा पुढे ट्रक होता.

मे महिन्यातल्या महाबळेश्वराबद्दल काय लिहायचं! वेण्णा लेकच्या अलीकडे दीड किलोमीटरवर गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. पाऊण तास होता म्हणून शिट मांडीवर पसरली. वेण्णा लेक त्यात आहे. हा तलाव नैसर्गिक वाटतो, पण १८४२ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधवून घेतलेला आहे. पाण्यासाठी बांधला, पुढे नौकाविहार आला, त्यानंतर कणसं आणि घोडे. सहा वर्षांनी, १८४८ मध्ये, आप्पासाहेब वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. तलाव राहिला.

महाबळेश्वराच्या शिटेवर आधी डोळ्यात भरते ती नावांची गर्दी. डोंगराच्या प्रत्येक नाकाडाला एक साहेब. लॉडविक, आर्थर, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, कार्नॅक, फॉकलंड, विल्सन. गव्हर्नर माल्कमने १८२८ च्या सुमारास साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली, बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं, आणि जुन्या कागदांत या पेठेचं नाव माल्कम पेठ झालं. त्याच्या मुलीचं, केटचं, नाव केट्स पॉइंटला आहे. चायनामन्स फॉलचं नाव मात्र साहेबाचं नाही. इथे तुरुंग होता, त्यात चिनी कैदी होते आणि ते भाजीपाला पिकवायचे. कैद्यांचं नाव धबधब्याला लागलं आणि जेलर विसरला गेला.

मामांचं म्हणणं, नकाशात नावं कुठे दाट आहेत ते बघ, म्हणजे नकाशा कुणासाठी काढला ते कळतं. ही शिट सुट्टीला आलेल्या माणसाची आहे. बंगल्यातून निघालं की संध्याकाळी कुठल्या टोकावर जाऊन सूर्य बघायचा, त्याची. खाली कोयनेच्या खोऱ्यात नावं विरळ होत जातात, आणि आहेत तीही रस्ता चुकू नये एवढ्यापुरती.

उजेड होता तेवढ्यात विल्सन पॉइंटला जाऊन आलो. १४३८ मीटर, म्हणजे ४७०० फुटांच्या वर, इथलं सगळ्यात उंच ठिकाण. याचं जुनं नाव सिंदोळा. वर भेळ खाणाऱ्या एका कुटुंबाला मामांनी हे सांगितलं. त्यांनी नम्रपणे ऐकून घेतलं आणि फोटो काढून देता का म्हणून विचारलं.

मुक्कामाच्या जागेचं बुकिंग 'व्हॅली व्ह्यू' म्हणून होतं. खिडकी उघडली तर समोर शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. मामीने पडदा ओढून घेतला आणि झोपली.

दिवस दुसरा: क्षेत्र महाबळेश्वर, आर्थर सीट आणि खाली

सकाळी लवकर क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री, या पाचांचं पाणी एका गोमुखातून पडतं. मामी हात जोडून उभी होती, मामा देवळाच्या पायरीवर बसून पाणलोटाची रेघ शोधत होते. सावित्री पश्चिमेला उडी घेऊन अरबी समुद्राला मिळते. कृष्णा, वेण्णा, कोयना इथून निघून महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडत बंगालच्या उपसागरापर्यंत जातात. देवळात सगळ्या बहिणी शेजारी शेजारी आणि नकाशात पाठ फिरवून चाललेल्या. कोयना त्यातही वेगळी. बाकीच्या पूर्व धरतात, ही सरळ दक्षिणेला जाते, हेळवाकजवळ काटकोनात वळते आणि कऱ्हाडला कृष्णेच्या अगदी समोरून येऊन मिळते, म्हणून तिथे प्रीतिसंगम.

आर्थर सीटला नकाशाने हात टेकलेत. कडा इतका सरळ आहे की समोच्च रेषा काढायला जागाच उरत नाही. एकीवर एक चढून तपकिरी पट्टा होतो, आणि मग नकाशा काढणाऱ्याने रेषा सोडून कड्याच्या खुणा काढल्यात, बारीक बारीक फटकारे. मी कठड्याला धरून खाली पाहिलं आणि परत कागदाकडे. इथे प्लेन टेबल (जागेवरच नकाशा काढायची तिवईवरची फळी) मांडून कुणीतरी उभा राहिला असेल, वारा कागद उडवत असेल. "एक जण छत्री धरायला, एक दगड ठेवायला," मामा म्हणाले. "आमच्याकडेही तसंच. फरक एवढाच की आमच्या बाजूला दोन भाऊ भांडत उभे असायचे."

दुपारी तापोळ्याकडे उतरलो. पंचवीस-तीस किलोमीटरचा रस्ता, दोन हजारांवर फूट उतार. शिटेवर चाळीसपेक्षा जास्त रेषा ओलांडायच्या. रस्ता जुन्या शिटेवर आजच्यासारखा नाही, तुटक रेघांची पायवाट आहे, आणि तीही सरळ सोंडेवरून उतरते. गाडीला वळणं लागतात, माणसाला लागत नाहीत. मामी म्हणाली, बाजाराला याच सोंडेनं वर यायचो, डोक्यावर तांदूळ. रस्ता आहे का पायवाट, याचं तिला काही देणंघेणं नव्हतं.

संध्याकाळी भावाला मासे मिळाले. त्या दिवसात आणखी सांगण्यासारखं काही नाही.

दिवस तिसरा: पाण्यावर

नाववाल्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं की फेरी नेहमीची नको. नेहमीची म्हणजे त्रिवेणी संगम, कोयना, सोळशी आणि कांदाटी मिळतात तिथे एक गोल चक्कर आणि परत. त्याने नकाशा पाहून विचारलं, "खजिना शोधताय काय?" मामीचं गाव सांगितल्यावर मात्र तो गप्प झाला. त्याच्या आजोबांचंही गाव पाण्याखालीच होतं, दोन वाड्या सोडून.

सकाळी सातला निघालो. मे महिन्यात पाणी खूप उतरलेलं असतं, त्या दिवशी भरलेल्या पातळीपेक्षा सत्तर-ऐंशी फूट तरी खाली होतं. त्यामुळे हिरवं रान जिथे संपतं तिथपासून पाण्यापर्यंत तांबड्या मातीचा उघडा पट्टा. मी या पट्ट्याला इतकी वर्षं ओकाबोका म्हणत आले. आज जवळून पाहिला. पाणी एकदम उतरत नाही. चार दिवस थांबतं, वीतभर उतरतं, पुन्हा थांबतं. जिथे थांबतं तिथे लाटा मातीला चाटून बारीक पायरी करून ठेवतात. अशा शेकडो पायऱ्या, एकाखाली एक, खाचेत आत शिरणाऱ्या, सोंडेला वळसा घालणाऱ्या, कुठेही एकमेकींना न छेदणाऱ्या. मी शिट वर धरली. समोर तेच होतं, फक्त तपकिरीच्या जागी तांबडं. मामा खूश झाले. "समोच्च रेषा म्हणजे दुसरं काय असतं? तिथपर्यंत पाणी आलं असतं तर काठ कुठे असता, तो. शाळेत हे सांगत नाहीत आणि पोरं नापास होतात." भूगोलात मी काठावर पास झाले होते, तेव्हा हे बोलणं माझ्यापर्यंत पोचलं.

मध्येच चार शिटांचा कोपरा शोधायचं खूळ आमच्या डोक्यात होतं. मोबाइलवर अक्षांश-रेखांश लावून नाववाल्याला "जरा डावीकडे, जरा मागे" चाललं होतं. तो आकडा आणि जुना कागद नेमके जुळत नाहीत. जुन्या शिटा एव्हरेस्टच्या नावाच्या मापावर बसवलेल्या आहेत, मोबाइल दुसऱ्याच मापाची पृथ्वी धरतो. अंश-मिनिटं तीच, जागा सरकलेली. भाऊ म्हणाला, मग आपण नक्की कोणत्या कोपऱ्यावर आहोत? मामांनी छापलेल्या चारही शिटा नावेच्या फळीवर कडेला कडा लावून मांडल्या, मधोमध चष्म्याचं घर ठेवलं आणि म्हणाले, "इथे."

आता मामीचं गाव. मामांनी त्याचा हिशोब आधीच करून ठेवला होता. मुख्य गाव नदीच्या काठाला, २००० च्याही खाली. ते वर येण्याची आशा नाही. पण गावाची वरची वाडी, जिथे मामीचं घर होतं, ती २०५० आणि २१०० च्या रेषांच्या मध्ये, वरच्या रेषेला चिकटून. पेपरात पातळी त्याच्या खाली आल्याचं वाचलं तेव्हाच त्यांनी सहलीची तारीख धरली होती. हे त्यांनी आम्हाला नावेत सांगितलं. मामीलाही तेव्हाच कळलं.

ती काही बोलली नाही. पदर खोचून उतरायला तयार झाली.

चिखल वरून वाळलेला, भेगाळलेला, खाली मऊ. एका ठिकाणी माझा पाय घोट्यापर्यंत गेला आणि चप्पल आत राहिली. वर चढून गेलो तर ओळीने जोती. भिंती नाहीत, छपरं नाहीत, नुसती काळ्या दगडांची चौकोनी जोती, गुडघाभर उंच. गाळाने कोपरे भरलेले. एका जोत्यात उखळ अजून जागेवर, त्यात पाणी साठलेलं, पाण्यात बेडकाची पिल्लं. शिटेवर या वाडीला तीन लाल ठिपके आहेत. जमिनीवर मी अकरा जोती मोजली.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी भरायला लागलं तेव्हा मामी सात-आठ वर्षांची होती. अर्धं गाव सोलापूरकडे गेलं. तिच्या वडिलांनी तिकडची जमीन बघितली, ऊन बघितलं आणि परत येऊन डोंगराच्या अंगाने वर सरकून घर बांधलं. त्या नव्या घरात ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आली. कोयनेचा भूकंप. उतरंड कोसळली, त्यातली गाडगी गेली, आई ओरडली, बाप म्हणाला पाणी वर येतंय, पळा. पाणी नव्हतं. "पान्याचीच भीती बसलेली, जमिनीचं कुनाच्या ध्येनात बी न्हवतं," मामी म्हणाली.

मामांनी जोत्यावर बसून शिट उलगडली. वाडीच्या बाजूने एक ओढा नदीला उतरतो. शिटेवर तो काळ्या रेघेत आहे. या शिटांची रीत अशी की बारमाही पाणी निळं आणि उन्हाळ्यात आटणारा ओढा काळा. मामांनी तसं सांगितलं.

"काळा?" मामी म्हणाली. "म्हंजी कोरडा?"

"उन्हाळ्यात आटणारा."

"आमचा वढा कवाच आटला न्हाई. मे म्हैन्यात बी हितं धुनं धूत हुतो आमी. कुनी लिवलं ह्ये?"

"सर्व्हेवाल्यांनी. त्या वर्षी पाऊस कमी झाला असेल."

"एका वर्साला आला, बगितला, गेला. आन् कायमचा कोरडा करून ठिवला."

मामांनी एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य बऱ्याच शेतकऱ्यांकडून ऐकलं असणार, कारण त्यांनी वाद घातला नाही. ओढ्याची खाच आम्हाला दिसत होती, गाळाने बुजलेली. तळाशी ओल होती. त्या ओलीवरून निकाल लावता येणार नाही, तलावाचं पाणीही मुरलेलं असू शकतं, असं मामा म्हणाले. मोजणीवाला माणूस.

मग मामी उठली आणि चालायला लागली. रेंगाळत नव्हे, कामाला निघाल्यासारखी. जोत्यांच्या मधून, एका ठिकाणी काहीच नसताना वळून (तिथे कुणाचा तरी गोठा असणार), उताराला तिरकं. आम्ही मागे. थांबली तिथे दगडांचं एक कडं होतं, आत काठोकाठ गाळ. विहीर. काठाच्या एका दगडाला दोराने पडलेल्या खाचा. मी त्यात बोट घातलं, पहिलं पेर पूर्ण बसलं. मामीने वाकून गाळावर हात ठेवला, हात झटकला आणि म्हणाली, "चला. ऊन झालं."

शिटेवर विहीर नाही.

दिवस चौथा: बामणोली, कास, घर

भावाला पहाटेच गाडी घेऊन पाठवलं. तापोळा ते बामणोली आम्ही पाण्याने गेलो. तो महाबळेश्वर, मेढा असा वळसा घालून पोचला तेव्हा आम्ही चहा-भजी खाऊन, पुन्हा चहा घेऊन, नाववाल्याच्या नातवंडांची नावं पाठ करून बसलो होतो. जुन्या शिटेवर हे अंतर नदीकाठच्या पायवाटेने सरळ जातं. तलाव झाल्यापासून ज्याच्याकडे नाव आहे त्याला ते जवळ, आणि ज्याच्याकडे गाडी आहे त्याला लांब.

बामणोलीला वासोट्याला जाणाऱ्या पोरांची झुंबड होती. पलीकडचा काठ कोयना अभयारण्याचा, आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातला, म्हणून वन खात्याची परवानगी काढावी लागते आणि रांग लागते. वासोट्याचं दुसरं नाव व्याघ्रगड, त्यामुळे वाघांना आपण काही नवीन जागा दिलेली नाही. १८१७-१८ च्या लढाईत पेशव्यांच्या लोकांनी हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी या गडावर कैदेत ठेवले होते. महाबळेश्वरच्या शिटेवर एवढी साहेबांची नावं, पण या दोघांच्या वाट्याला इथे एकही पॉइंट आला नाही.

कासला मेमध्ये फुलं नसतात, करडा कातळ असतो. २०१२ साली युनेस्कोच्या यादीत आल्यापासून लोक कधीही येतात आणि "फुलं कुठायत?" असं रखवालदाराला विचारतात. आम्ही तलावाच्या बाजूला पाच मिनिटं थांबलो. मामांना इथलं पाणी जास्त आवडतं. इंग्रजांच्या काळापासून हे पाणी सातारा शहराला जातं, पंपाने ढकलावं न लागता, उताराने. डोंगराच्या कडेकडेने पाट काढायचा तर समोच्च रेषेपेक्षा जरासा खाली उतरत राहावं लागतं. फार उतरलं तर पाणी वाट फोडतं, कमी उतरलं तर तुंबतं. मामांनी हे सगळं हाताने हवेत काढून दाखवलं. यवतेश्वरच्या उतारावर गाडी वळली आणि समोर अजिंक्यतारा दिसला तरी त्यांचा हात पाट काढतच होता.

घरी पोचायला सहा वाजले. जेवणं झाल्यावर मामांनी छापलेल्या शिटा जेवणाच्या टेबलावर पसरल्या आणि टोक काढलेली पेन्सिल घेतली. तीनच्या जागी अकरा जोती मांडायची की नाही, यावर विचार चालला होता. मैलाला इंचाच्या नकाशात अकरा घरं मावत नाहीत. शेवटी त्यांनी ठिपके तीनच ठेवून बाजूला समासात आकडा लिहिला. ओढ्याच्या काळ्या रेघेवरून निळी पेन्सिल फिरवली आणि शेजारी बारीक प्रश्नचिन्ह काढलं. मामी भांडी पुसत बघत होती.

"हीर टाका की," ती म्हणाली.

"मोजल्याशिवाय टाकता येत नाही."

"मी मोजलीया की. रोज सकाळी चार खेपा."

मामांनी चष्मा वर केला. तेहतीस फुटांची साखळी, साखळीचे सोळा आणे, यात ज्याचा जन्म गेला त्या माणसाने पेन्सिल समासावर टेकवली.

"बरं. घरापास्नं किती पावलं?"

"जाताना का येताना?" मामी म्हणाली. "भरलेली घागर घिऊन जास्त पडत्यात."